बेसा साइडचं बिल्डिंग मटेरियलचं दुकान: गाडी उभी ठेवून रेती तपासू देतात, ४ स्टार

नागपुरात मटेरियल सप्लायर गल्लोगल्ली आहेत, पण गाडी खाली व्हायच्या आधी "पहिले तपासून घ्या मग खाली करू" म्हणणारा भेटत नाही सहसा. हा भेटला म्हणून एवढा लांब रिव्ह्यू लिहून राहिलो. बेसा-घोगली साइडचं हे दुकान बाहेरून पाहाल तर काहीच नाही, टिनाचं शेड, समोर गिट्टीचा ढीग, कोपऱ्यात एक वजनकाटा आणि खुर्चीवर काका. शोरूमवाली हौस असेल तर इथे येऊच नका. आमचं घर ग्राउंड प्लस वन, प्लॉट काळ्या मातीचा, प्लिंथनंतरचं (जोत्याच्या वरचं) सिमेंट, लोहा, रेती, गिट्टी, विटा जवळपास सगळं इथूनच घेतलं, आणि जे जे तपासता येते ते तपासलं. त्यातलं काय पास झालं काय नाही ते खाली.

पहिले रेती, कारण सगळ्यात जास्त चुना तिथेच लागतो. आपल्याकडे रेती म्हटली की कन्हानची, नाहीतर भंडाऱ्याकडून येणारी वैनगंगेची. दोन्ही नद्यांची रेती चांगली, पण "कन्हानचीच आहे साहेब" ही काही टेस्ट नाही होत. प्लिंथच्या वेळी दुसऱ्या एका सप्लायरची (नाव घेत नाही) गाडी आली होती रात्री अकराला, ड्रायव्हर म्हणे लवकर करा मला अजून एक ट्रिप आहे, धडाधड खाली करून गेला, आणि सकाळी मूठभर हातात घेऊन चोळली तर हाताला चिखल. ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर, "चालते ना भाऊ, सगळे हेच वापरून राहिले."

ह्या काकांच्या टेबलाखाली एक काचेची बरणी असते. गाडी आली की ढिगाच्या वरची नाही, फाळक्याजवळून खालची रेती काढायला लावतात, अर्धी बरणी भरायची, वरून पाणी, चिमूटभर मीठ, झाकण लावून जोरात हलवायची आणि सपाट जागी ठेवून द्यायची. रेती तर लगेच खाली बसते, गाळ मात्र हळूहळू तिच्यावर थर धरतो, मीठ टाकलं की जरा लवकर धरतो. पक्कं रीडिंग तीनेक तासांनी घ्यायचं असते, पण तेवढा वेळ गाडी कोण उभी ठेवणार, म्हणून काका अर्ध्या-पाऊण तासात अंदाज घेतात आणि बरणी तुमच्याकडेच ठेवतात, नंतर थर जास्त निघाला तर पुढच्या गाडीत हिशोब. आमच्या बरणीत रेती १०० मिलिमीटर आणि वर गाळ ६ मिलिमीटर, काकांनी स्केचपेनने बरणीवरच दोन रेघा मारून दाखवल्या. साइटवरचा ढोबळ नियम असा की हा थर ८ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी वापस. आयएस ३८३ मध्ये (आयएस म्हणजे भारतीय मानक) नदीच्या रेतीसाठी ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माल ३ टक्क्यांपर्यंत असं आहे, पण ते वजनावर, धुऊन चाळून काढलेलं, आणि बरणीत आपण मोजतो ते फुगलेल्या गाळाची जाडी, म्हणून दोन आकडे जुळत नाहीत, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

आता मापाचं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट हे सगळ्यांना माहीत असते, टेप लावून गाडीची बॉडी मोजणारेही पुष्कळ आहेत, १० बाय ५ बाय ४ निघाली की २ ब्रास, खूश. पण ओली रेती फुगते बाप्पा! प्रत्येक कणाभोवती पाण्याची पातळ फिल्म धरते, कण एकमेकांपासून दूर सरकतात, आणि तीच रेती २५ टक्के जास्त जागा घेऊ शकते, बारीक असली तर आणखीनही. गंमत म्हणजे पूर्ण कोरडी असली की फुगत नाही आणि पाण्यात पूर्ण बुडवली तरी फुगत नाही, मधल्या ओलीतच फुगते, आणि गाड्या येतात त्या नेमक्या मधल्या ओलीच्या. तपासायला काहीच लागत नाही, एका सरळ डब्यात ओली रेती न दाबता भरा, उंची मोजा, समजा २०० मिलिमीटर, मग ती बाहेर काढून त्याच डब्यात अर्धं पाणी घ्या आणि रेती थोडी थोडी वापस टाकत काडीने ढवळा, ती बसून १६० वर आली तर ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगलेली. म्हणजे २ ब्रासचे पैसे आणि घरात १.६ ब्रास. मिस्त्री घमेल्यानं मोजून टाकत असेल तर मालातही रेती तेवढी कमी पडते आणि काँक्रीट रखरखीत होते. काका ओल्या गाडीवर सूट देतात, पण मागितली तरच, स्वतःहून नाही देत, हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, तेव्हा इथेही नसते आणि असली तर भाव ऐकून खाली बसाल. मग एम-सँड, म्हणजे दगड फोडून बनवलेली रेती. सरकारनं २०२५ मध्ये एम-सँडचं धोरण आणल्यापासून बोलबाला वाढला, आणि आपल्याकडे काळा दगड भरपूर म्हणून माल भेटतेही. माझं मत, काँक्रीटला बेझिझक वापरा, प्लास्टरला मिस्त्री कुरकुर करतात आणि जाड दाण्याची असेल तर त्यांचं बरोबरच असते. फक्त क्रशरची चुरी म्हणजे एम-सँड नव्हे. चुरी हा गिट्टी फोडताना उरलेला माल, त्यात पीठ जास्त आणि दाणे चपटे, आणि एम-सँड मुद्दाम दाणा गोलसर करून, चाळून, बहुतेक वेळा धुऊन बनवलेली. आयएस ३८३ मध्ये दगड फोडून केलेल्या वाळूत बारीक पीठ १५ टक्क्यांपर्यंत चालते, नदीच्या रेतीपेक्षा जास्त, कारण ते दगडाचं पीठ असते, माती नसते. काकांकडे दोन्हीचे ढीग वेगवेगळे आहेत आणि विचारलं तर खरं सांगतात की ही चुरी आहे, पेव्हिंग ब्लॉकच्या खाली टाका, स्लॅबमध्ये नको.

लोह्यात सगळ्यात जास्त समाधान झालं. इतवारीच्या लोहा ओळीत भाव दोन पैसे कमी भेटेल, खोटं कशाला बोलू, पण इथे नगावर नाही वजनावर देतात आणि काटा समोर असते. नगावर घेण्यात लोचा असा की १२ एमएमची सळाख १२ मीटरची असली तर वजन १०.६६ किलो भरायला पाहिजे. फॉर्म्युला सोपा आहे, एमएमचा वर्ग भागिले १६२ केला की एका मीटरचं वजन किलोत. ८ एमएमचं ०.३९५, १० एमएमचं ०.६१७, १२ चं ०.८८८, १६ चं १.५८. आयएस १७८६ मध्ये एका लॉटला १० एमएमपर्यंत ७ टक्के आणि त्याच्या वर १६ पर्यंत ५ टक्के इकडेतिकडे चालते. पण सगळे नग कमीच कमी निघाले तर तो योगायोग नाही राजेहो, सळाख बारीक ओढलेली आहे, आणि इंजिनिअरनं डिझाइन केलं १२ एमएमचं तर कॉलममध्ये जाऊन राहिलं साडेअकराचं. आम्ही बंडलमधून मीटरभराचा तुकडा कापायला लावला आणि छोट्या काट्यावर ठेवला, ८७१ ग्रॅम. हिशोब केला तर २ टक्क्यांनी कमी, म्हणजे बसते. ते दोन टक्के बाजूला ठेवा, मुनीम स्वतःच कटर घेऊन आला, तोंड वाकडं नाही केलं.

तिथेच त्यानं कापलेलं तोंड पॉलिश पेपरनं घासून दाखवलं. टीएमटी सळाखीचं बाहेरचं कडं पाण्याच्या फवाऱ्यानं एकदम थंड केल्यामुळे कडक आणि आतला गाभा मऊ, म्हणूनच ती ताकद पण धरते आणि वाकते पण. लॅबमध्ये ॲसिड लावून ते कडं काळं स्पष्ट गोल दिसते, एकसारखं पाहिजे, एका बाजूला जाड एका बाजूला गायब असं नको. नुसतं घासून काही दिसत नाही, मुनीमला दिसत होतं म्हणे, आपल्याला तर नाही दिसलं. ग्रेड घेतला ५०० डी. साध्या ५०० मध्ये तुटायच्या आधी सळाख किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, डी मध्ये १६, आणि डी मध्ये गंधक-फॉस्फरसही कमी लागतात. सळाखीवर कंपनीचं नाव आणि ग्रेड उठावात असते ते वाचा, आणि मिल सर्टिफिकेटवरचा (कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरचा) हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या खेपेचा नंबर, बंडलच्या टॅगशी जुळवा. सर्टिफिकेट इथे मागितलं की व्हॉट्सॲपवर येते, टॅगशी जुळवायचं काम आपलं.

सिमेंटचं जास्त लिहीत नाही, ब्रँड सगळेच ठेवतात. पिशवीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असते ते पहिले पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर-गडचांदूरकडे सिमेंटचे एवढाले कारखाने, नागपूर तिथून काही लांब नाही, तर तीन महिने जुनी पिशवी घ्यायला काहून जायचं? नीट न ठेवलेलं सिमेंट तीन महिन्यांत पाचवा हिस्सा ताकद घालवू शकते. इथे गोदाम बरं आहे, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर ठेवून थप्पी, दहाच्या वर पिशव्या नाही. हात घालून थंड लागते का, बोटांत खडे येतात का हे पाहाच, पण त्यानं फक्त ओल लागली की नाही एवढंच समजते, ताकद समजत नाही, ती लॅबमध्येच.

५३ ग्रेडचं साधं सिमेंट (ओपीसी) घ्यायचं की मिश्र सिमेंट (पीपीसी) यावर आमच्या घरी महाभारत झालं. ५३ म्हणजे जास्त मजबूत असा बाबांचा हट्ट. काकांनी त्यांना बसवून चहा पाजून सांगितलं की पीपीसीमध्ये फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) असते, १५ ते ३५ टक्के, सुरुवातीला ताकद हळू येते, नंतर भरून निघते, उष्णता कमी निघते आणि आपल्या उन्हात तेच बरं. स्वस्तातलं असूनही तेच विकून राहिले होते, हे मला आवडलं. फक्त पीपीसी घेतलं की पाणी जास्त दिवस मारावं लागते. आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसीला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या गरम हवेत १० दिवस दिले आहेत, १४ पर्यंत न्या असाही सल्ला आहे. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, इथे दहा दिवसांच्या खाली यायचा प्रश्नच नाही. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा, कॉलमला पोती गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंतोडे मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

विटांत हे दुकान घसरलं, पाचवा स्टार तिथे गेला. लाल विटांची गाडी आली, कडा तुटलेल्या बऱ्याच, दोन विटा एकमेकींवर मारल्या तर टणटण नाही, ठप्प आवाज. नखानं ओरखडा पडला. मग एक कोरडी वीट वजन केली ३.१ किलो, २४ तास पाण्यात ठेवून काढली, पुसली, ३.८ किलो. ७०० ग्रॅम पाणी, म्हणजे साडेबावीस टक्के, आणि साध्या विटेला मर्यादा २० टक्के. अशी वीट पहिल्या पावसात भिंतीत ओल ओढते आणि मसाल्याचं पाणी पिऊन जोड कमजोर करते. शिवाय फोडली तर आत पांढरे चुनखडीचे खडे, ते ओले झाले की फुगतात आणि प्लास्टरला फोड येतात. काकांना फोन केला तर म्हणे, "भट्टीवाल्यानं दिल्या तशा पाठवल्या भाऊ, मी काही एक एक वीट पाहतो का?" आता रेतीची बरणी टेबलाखाली ठेवणाऱ्या माणसानं हे बोलावं! वाद झाला, अर्धी गाडी वापस नेली, अर्धीचे पैसे कापले, त्या विटा आम्ही कंपाउंडमध्येही नाही लावल्या, खडी म्हणून खाली टाकल्या.

मग फ्लाय ॲश विटा घेतल्या, त्याच दुकानातून, आणि त्या चांगल्या निघाल्या. आपल्याकडे कोराडी आणि खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनची राख भरपूर, म्हणून ह्या विटा नागपुरात सहज भेटतात. तीच पाण्याची टेस्ट, २.९ ची ३.३ झाली, १४ टक्क्यांच्या आत. माप एकसारखं, त्यामुळे प्लास्टर पातळ बसते आणि सिमेंट वाचते. तोटा एवढाच की पुरेशा मुरलेल्या नसल्या तर भिंतीला बारीक भेगा जातात, म्हणून कधी पाडल्या ते विचारून घ्या, गरम-ताज्या विटा घेऊ नका.

वरच्या मजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे) लावले. घनमीटरला साधारण ६०० किलो, विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन, आतल्या हवेमुळे गरमी कमी आत येते आणि दुपारी तीनला भिंतीला हात लावला की फरक कळते. पण पाणी पितात, प्लिंथच्या खाली नको, बाथरूमला वॉटरप्रूफिंग नीट करा, आणि टीव्हीचा स्टँड ठोकायचा तर त्याचे वेगळे फास्टनर लागतात. जोडाईला पातळ थराचा तयार मसाला येते तोच वापरा, मिस्त्री जाड मसाल्यानं लावायला जाईल, त्याला थांबवा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी इथे लोक विचारतच नाहीत. हे दुकान डिपॉझिटवर क्यूबचे साचे देते, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायला ठोकळे पाडायचे साचे. १५० मिलिमीटरचे लोखंडी चौकोनी, आतून तेल लावायचं, स्लॅबच्या दिवशी मिक्सरमधून निघालेलाच माल तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईनं ३५ ठोके, वरून सपाट, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात. ठेकेदारानं हसून पाहिलं, हसू द्या. आणि त्या दिवशी मिक्सरजवळ उभे राहा, कारण माल "जड जाऊन राहिला" म्हणत पोरं बादलीभर पाणी ओततातच. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५५ धरलं तर ५० किलोच्या पिशवीला साडेसत्तावीस लिटर, त्यातही ओल्या रेतीतलं पाणी धरून. त्याच्या वरचं प्रत्येक लिटर ताकदीतून जाते.

क्यूब ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी तोडायचे, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय बोर्ड) मान्यता असलेल्या लॅब नागपुरात आहेत, जो खर्च येते तो स्लॅबच्या खर्चापुढे काहीच नाही. मशीनवर ठेवलं, काटा हळूहळू चढत गेला, मग एक कोरडा कडाक आवाज, चारी बाजूंच्या खपल्या पडल्या आणि मधे उरला तुकडा तो अगदी डमरूसारखा. लॅबवाला म्हणे असाच तुटला पाहिजे, एका कोपऱ्यातून चिरत गेला तर एक तर साचा वाकडा नाहीतर ठेवला वाकडा. २८ दिवसांचा लोड ६३० किलोन्यूटन, भागिले १५० गुणिले १५० म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर, निघाले २८ न्यूटन दर चौरस मिलिमीटरला. आम्हाला इंजिनिअरनं एम-२५ सांगितलं होतं, म्हणजे ह्याच मापात २५ ताकदीचं काँक्रीट. बाबांना मी रिपोर्ट दाखवला तर म्हणे ५३ वापरलं असतं तर ५३ आले असते. सोडून द्या.

काळ्या मातीवाल्यांसाठी एक बोलून ठेवतो. पायाचं डिझाइन दुकानदाराला विचारू नका, ह्यालाही नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून हातभर भेगा पडतात, त्यासाठीच रुडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं) खाली फुगीर गोळा असलेले अंडर-रीम्ड पाइल (पायाचे खांब) काढले, तुमच्या प्लॉटला लागतात की मुरूम भरून भागते ते माती तपासल्यावरच कळते. भरणीचा मुरूम मात्र इथला चांगला होता, काळी माती मिसळलेली नव्हती.

बाकी किरकोळ तक्रारी. सकाळी ८ ची म्हटली की गाडी ११ ला, आणि ११ ला मिस्त्री घरी जायच्या मूडमध्ये. हमाली बिलात नाही, वेगळी मागतात, आधीच ठरवा. बिनबिलाचं देऊ का हा प्रश्न इथेही विचारतात, पक्कं बिलच घ्या, सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झाला आहे, आणि बिल नसलं तर माल खराब निघाल्यावर भांडणार कशाच्या भरवशावर. मुनीम फोन उचलत नाही, काकांना करा, ते उचलतात पण जेवणाच्या वेळी नाही. रविवारी काटा बंद असते, लोहा घ्यायचा तर शनिवारीच जा. उन्हाळ्यातच रेती बुक करून साइटवर टाकून घ्या आणि ताडपत्रीनं झाका. टाइल्स पण ठेवतात हे लोक, पण कलेक्शन काही खास नाही, त्यासाठी दुसरीकडे पाहा.